नोंदवही कां खोळंबते?

सकाळची साडेनऊची वेळ. एका मोठ्या रुग्णालयांत केसपेपरच्या खिडकीसमोर सत्तर-ऐंशी माणसांची रांग लागलेली आहे. एक वृद्ध गृहस्थ पत्नीला बांकावर बसवून रांगेंत उभे आहेत. तिला रात्रीपासून धाप लागते आहे. खिडकीपलीकडची मुलगी नांव टंकते, कळ दाबते आणि पडद्याकडे पाहत राहते. एक मिनिट जातें, दोन जातात. शेवटीं ती मान वर करून म्हणते, "आजोबा, सर्व्हर स्लो आहे, थोडं थांबावं लागेल."

श्रोतेहो, हें वाक्य आपण बँकेंत, महाविद्यालयाच्या कचेरींत, तिकिटाच्या खिडकीपाशीं कितीदां तरी ऐकलें असेल. 'पाऊस लागला आहे' असें म्हणावें तशा सुरांत तें म्हटलें जातें. जणूं त्याला कारण नसतें आणि त्यावर इलाजहि नसतो. कारण असतें, आणि बहुतेक वेळां तें शोधून काढतां येतें. तें शोधणें हाच माझा गेल्या कित्येक वर्षांचा व्यवसाय आहे. त्या दिवशीं त्या रुग्णालयांतून मला बोलावणें आलें होतें. तेथें काय निघालें तें शेवटीं सांगेन; तत्पूर्वीं त्या पडद्यामागें काय चाललेलें असतें तें पाहूं.

पडद्यामागें वह्या असतात. रोग्यांची एक, डॉक्टरांची एक, भेटींची एक, औषधांची एक. प्रत्येक वहींत आडव्या ओळी आणि उभे रकाने. रोग्याचा क्रमांक हा दुवा धरून एका वहींतील ओळ दुसरींतील ओळीशीं जोडतां येते. अशा परस्परसंबद्ध वह्यांच्या संचाला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. १९७० सालीं एडगर कॉड यांनीं ही कल्पना एका निबंधांत मांडली. ते जन्मानें इंग्रज, आणि अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें आयबीएम कंपनीच्या नोकरींत होते. त्यापूर्वीं माहिती यंत्रांत कोठें व कशी रचून ठेवली आहे हें ज्याला ठाऊक, त्यालाच ती बाहेर काढतां येई. कॉड यांचें म्हणणें असें कीं, विचारणारानें काय हवें तेवढेंच सांगावें; तें कोणत्या वाटेनें आणावयाचें याची चिंता यंत्रानें वाहावी. सोय मोठी झाली, यांत संशय नाहीं. पण वाट दृष्टीआड झाली, आणि म्हणूनच यंत्र वाट चुकलें तरी तें कोणास कळत नाहीं. उशीर तेवढा कळतो.

उशीर होऊं लागला कीं, पहिला सल्ला मिळतो तो अधिक मोठें यंत्र विकत घेण्याचा. यंत्रें विकणारा तर तो देतोच. पण व्यवस्थापकांनाहि तो आवडतो, कारण पैसे खर्च केले कीं कांहीं तरी केल्याचें समाधान लाभतें. क्वचित् तो बरोबरहि असतो. तथापि ज्या वाहनाचा हातब्रेक ओढलेला राहिला आहे त्याला अधिक शक्तीचें इंजिन बसवून काय होणार?

शहाणा वैद्य रोग्याला आधीं बोलतें करतो, तसेंच येथें करावें लागतें. उशीर सर्वांना होतो कीं एकाच खिडकीला? दिवसभर कीं ठराविक वेळीं? काल सायंकाळीं ठीक होतें, तर मधल्या काळांत काय बदललें? या शेवटच्या प्रश्नाला 'कांहीं नाहीं' असेंच उत्तर नेहमीं मिळतें, आणि तें बहुधा खरें नसतें. कोणी खोटें बोलतो असें नव्हे. आपण केलेला बदल क्षुल्लक होता असें प्रत्येकाला मनापासून वाटत असतें, एवढेंच.

मग आंकडे पाहावयाचे. पण त्यांतहि दोन चकवे आहेत. पहिला सरासरीचा. शंभर प्रश्नांपैकीं नव्व्याण्णवांना सेकंदाचा शंभरावा भाग लागला आणि एकाला दहा सेकंद लागले, तर सरासरी सेकंदाच्या नवव्या भागाइतकी येते. कागदावर सारें आलबेल. पण तो एक प्रश्न ज्याचा होता त्यानें दहा सेकंद खिडकीशीं काढले, त्याचें काय? दुसरा चकवा याच्या उलट आहे. मंद प्रश्नांची यादी काढली कीं, चार सेकंद खाणारा एक प्रश्न अग्रभागीं दिसतो आणि सारे जण त्याच्यामागें लागतात. तो दिवसांतून दहा वेळां विचारला जात असेल, तर त्याचे एकंदर चाळीसच सेकंद झाले. तिकडे सेकंदाच्या दोनशेंव्या भागांत उरकणारा एक साळसूद प्रश्न दिवसांतून वीस लक्ष वेळां विचारला जात असतो. त्याची बेरीज दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तास! वाण्याकडून पन्नास जिन्नस आणावयाचे असतां गड्याला एकेका जिनसासाठीं वेगळें धाडावें, त्यांतला हा प्रकार. गडी चपळ आहे; दोष यादी करणाराचा आहे. पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसमध्यें प्रश्नवार एकूण वेळेची अशी बेरीज ठेवण्याची सोय आहे. माझें मत विचाराल तर नव्या संस्थेंत पाऊल टाकतांच प्रथम तीच उघडावी.

आतां मुख्य निदान. यंत्र श्रमतें आहे, कीं नुसतें वाट पाहतें आहे? या दोन दुखण्यांची लक्षणें खिडकीवर अगदीं सारखीं दिसतात, पण उपचार निराळे आहेत.

श्रमणाऱ्या यंत्राचें नेहमींचें दुखणें म्हणजे सूचीचा अभाव. रोग्यांच्या वहींत एक कोटि ओळी आहेत, प्रत्येक ओळ दोनशें अक्षरांची, असें धरूं. सारी वही दोनशें कोटि अक्षरांची झाली. आठ हजार अक्षरांचें एक पान धरल्यास अडीच लक्ष पानें. सूची नसेल तर एक रोगी शोधण्यासाठीं हीं सारीं पानें चाळावीं लागतात. सूची असेल तर? १९७० च्या सुमारास रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्राइट या दोघांनीं, बोइंग या विमानकंपनीच्या संशोधनशाळेंत असतांना, 'बी-ट्री' नांवाची रचना शोधून काढली. ती एखाद्या फांद्या फुटलेल्या झाडासारखी असते. एका पानावर सुमारें तीनशें वाटा दाखविल्या, तर पहिल्या पानावरून तीनशें पानांपैकीं एकाकडे, तेथून नव्वद हजारांपैकीं एकाकडे जातां येतें; आणि तिसऱ्या पायरीस दोन कोटि सत्तर लक्ष नोंदी आटोक्यांत येतात. म्हणजे सूचीचीं तीन पानें आणि मूळ वहीचें एक, अशा चार पानांत काम झालें. अडीच लक्ष कोठें आणि चार कोठें!

परंतु सूची असूनहि ती उपयोगीं पडत नाहीं असें पुष्कळदां घडतें. आपल्या घरांतला शब्दकोश घ्या. 'प्र' नें आरंभ होणारे शब्द त्यांत क्षणांत सांपडतात. पण 'कार' नें संपणारे शब्द काढावयाचे झाले तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं. रोग्याचा दूरध्वनिक्रमांक कोणी देशाच्या संकेतांकासह लिहितो, कोणी त्यावांचून. म्हणून कोणा प्रोग्रॅमरानें 'शेवटचे दहा आंकडे जुळणारा शोध' असा प्रश्न यंत्राला घातला, कीं सूची बाजूला पडते आणि पुनः अडीच लक्ष पानें. प्रश्न वरून निरुपद्रवी दिसतो. तो शंभर ओळींवर तपासला तेव्हां चटकन् उत्तर आलेलें असतें. इलाज साधा आहे. क्रमांक नोंदतांनाच एकाच रीतीनें लिहावा. मात्र हें ऐकून प्रत्येक रकान्याला सूची जोडण्याचा मोह धरूं नये. नवी ओळ लिहिली कीं तिची नोंद सर्व सूचींत चढवावी लागते. दहा सूचीं असल्या तर एका लिखाणाचीं अकरा लिखाणें होतात.

आणि पान कोठून आणावें लागतें याचेंहि महत्त्व आहे. यंत्राच्या स्मृतींतील अक्षरें वाचण्यास जो काळ लागतो तो एक सेकंद धरला, तर त्याच प्रमाणांत नव्या धर्तीच्या साठ्यावरून, म्हणजे एसएसडीवरून, वाचण्यास पाव तासाहून अधिक आणि जुन्या फिरत्या तबकडीवरून वाचण्यास एक दिवसाहून अधिक लागेल. वही स्मृतींत मावेनाशी झाली कीं कालपर्यंत चपळ वाटणारें यंत्र एकाएकीं म्हातारें दिसूं लागतें, त्याचें कारण हें.

प्रश्नाची वाट कोण ठरवितो हें सांगावयाचें राहिलें. यंत्रांतच एक योजक बसलेला असतो. १९७९ सालीं आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच्या विचाराची रीत प्रसिद्ध केली, आणि आजचे बहुतेक योजक तिच्याच वंशांतले आहेत. प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजानें काढावयाचा आणि स्वस्त वाट निवडावयाची. अंदाज चुकला कीं निवड चुकते. उदाहरणार्थ, शहर पुणें आणि पिनकोड ४११०३० असे रोगी हवे आहेत. वीसांतला एक रोगी पुण्याचा, आणि चारशेंतला एक त्या पिनकोडाचा आहे असें समजा. योजक या दोन गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र मानतो आणि गुणाकार करतो: आठ हजारांत एक. एक कोटींतून साडेबाराशें रोगी निघतील असें तो धरून चालतो. पण तो पिनकोड ज्याचा, तो पुण्याचा असणारच! प्रत्यक्षांत पंचवीस हजार निघतात. साडेबाराशें जणांसाठीं एकेकाची भेटींची वही उघडण्याची जी वाट परवडली असती, ती पंचवीस हजारांना परवडत नाहीं. पोस्टग्रेसच्या २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून 'हे दोन रकाने एकमेकांशीं बांधलेले आहेत' असें योजकाला सांगून ठेवतां येतें. त्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष निघालेल्या ओळी शेजारीं शेजारीं छापून घेण्याचीहि सोय आहे. त्या कागदावर जेथें दोन आंकड्यांत वीसपटीची तफावत दिसते, तेथें बोट ठेवावें.

हें झालें श्रमणाऱ्या यंत्राविषयीं. आतां रांगेकडे वळूं. डेन्मार्कमधील एर्लांग यांनीं १९०९ सालीं कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रांतील खोळंब्याचें गणित मांडलें, आणि आमच्या यंत्रांना तें आजहि लागू पडतें. एकच खिडकी आहे आणि माणसें वेळीं अवेळीं येत आहेत. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल तर प्रत्यक्ष कामास लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट वेळ प्रत्येकाचा जातो. नव्वद टक्के गुंतली तर दसपट. पंच्याण्णव टक्के गुंतली तर वीसपट! म्हणूनच काम पांचच टक्क्यांनीं वाढलें असतांना लोक दुपटीनें ओरडूं लागतात, आणि त्यांचें ओरडणें खरें असतें. अशा वेळीं आणखी माणसांना आंत घेणें हा उपाय नव्हे. आठ हात असलेल्या यंत्रावर पांचशें प्रश्न एकदम सोडले, तर त्याची शक्ति एका कामावरून दुसऱ्या कामावर उड्या मारण्यांतच खर्च होते. वीस-तीसांना आंत घेऊन बाकीच्यांना दाराबाहेर थांबविलें तर सर्वांचेंच काम लौकर होतें. हें व्यवस्थापकांच्या गळीं उतरविणें मात्र फार कठीण जातें.

आतां त्या रुग्णालयाकडे येऊं. मी पोंचलों तेव्हां तेथील तरुण तंत्रज्ञ घामाघूम झाला होता. यंत्र बंद करून पुनः चालू करावें काय, असें त्यानें दोनदां विचारलें. मीं आधीं यंत्राच्या श्रमाचा आंकडा पाहिला: चार टक्के. यंत्र जवळजवळ निजलेलें होतें आणि बाहेर रांग वाढत होती. म्हणजे हें दुखणें श्रमाचें नव्हे, वाट पाहण्याचें.

वाट कोण कोणाची पाहतो याची यादी काढली. सत्तरांहून अधिक प्रश्न रोग्यांच्या वहीशीं अडकलेले, आणि सर्वांच्या पुढें एकच आज्ञा उभी: त्या वहीला एक नवा रकाना जोडण्याची. ती त्या तरुणानेंच सव्वानऊला दिली होती. रकाना जोडणें हें क्षणाचें काम. पण त्या क्षणापुरती वही एकट्याच्या ताब्यांत असावी लागते. आणि ती त्याला मिळेना, कारण त्याच्याहि पुढें एक वाचक बसला होता. हिशेब विभागांतील कोणी तरी पहांटेपासून एक मोठा अहवाल काढीत होतें. अहवाल केव्हांच निघाला होता. पण त्यांचा व्यवहार 'पुरा झाला' असें यंत्राला सांगावयाचें राहून गेलें होतें. वाचणारा वाचणाराला आडवा येत नाहीं, म्हणून सव्वानऊपर्यंत कोणाला कांहीं कळलें नाहीं. मग रकान्याची आज्ञा आली, ती वाचकाच्या मागें थांबली. आणि नियम असा कीं, तिच्यामागून जो येईल त्यानें तिच्यामागें उभें राहावयाचें. वाचकामुळें आज्ञा अडली, आणि आज्ञेमुळें सारें रुग्णालय अडलें. हिशेबवाले गृहस्थ त्या वेळीं चहाला गेले होते.

दोहोंपैकीं एकाला उठविलें कीं वाट मोकळी होणार हें उघड होतें. तो तरुण कळफलकाकडे झेंपावला. मीं त्याचा हात धरला आणि म्हटलें, "अरे, आधीं त्या खिडकींत कोणत्या यंत्राचं नांव लिहिलंय, तें मोठ्यानं वाच." त्याला माझी ती विनंति चमत्कारिक वाटली असावी. तिच्यामागें एक हकीकत आहे.

३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनीच्या डेटाबेसवर असाच ताण आला. ही कंपनी लोकांच्या आज्ञावली सांभाळून ठेवते, आणि तिचा डेटाबेस पोस्टग्रेसचा. ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणें सायंकाळीं सातच्या सुमारास भार वाढला. कांहीं भाग उपद्रवी लोकांनीं लोटलेल्या कचऱ्याचा, आणि कांहीं भाग एका खात्याचा सारा पसारा पुसून टाकणाऱ्या आपोआप चालणाऱ्या कामाचा. मुख्य यंत्राची एक नक्कल दुसऱ्या यंत्रावर ठेवलेली होती. ही नक्कल रोजकीर्दीवरून तयार होत असते. आपल्या पेढ्यांत जसें आधीं रोजकीर्दींत आणि मग खतावणींत, तसेंच डेटाबेसमध्यें चालतें; मुख्य यंत्राची रोजकीर्द वाचून नकलेचें यंत्र आपली खतावणी पुरी करतें. त्या रात्रीं लिखाण इतकें वाढलें कीं, नकलेनें वाचण्यापूर्वींच मुख्य यंत्रानें रोजकीर्दीचीं जुनीं पानें काढून टाकलीं. नक्कल कायमची मागें पडली. ती नव्यानें करावयाची म्हणून रात्रीं साडेअकराच्या सुमारास एका अभियंत्यानें नकलेच्या यंत्रावरील कप्पा पुसण्याची आज्ञा दिली. पण ज्या खिडकींत दिली ती मुख्य यंत्राची होती. एक-दोन सेकंदांतच चूक त्याच्या ध्यानांत आली. तोंवर सुमारें तीनशें गिगाबाइटांपैकीं साडेचारच उरले होते.

राखीव प्रती होत्या ना, असें आपण विचाराल. रोजची प्रत काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसहून जुन्या आवृत्तीचा असल्यामुळें तो निमूटपणें अपयशी ठरत होता. त्या अपयशाचीं टपालें जात होतीं, पण तीं स्वीकारलीं जात नव्हतीं. हातीं लागली ती सुमारें सहा तास आधीं, दुसऱ्याच कामासाठीं, एका अभियंत्यानें हातानें काढलेली प्रत. तिच्यावरून डेटाबेस उभा करण्यास दुसऱ्या दिवसाची सायंकाळ झाली. मधल्या तासांतले सुमारें पांच हजार प्रकल्प, पांच हजार अभिप्राय आणि सातशें नवीं खातीं यांवर पाणी सोडावें लागलें. कंपनीनें हें लपविलें नाहीं; दुरुस्तीचें काम सर्व जगाला थेट दाखविलें आणि पुढें सविस्तर हकीकतहि छापली. तिच्यांतूनच मला हें ठाऊक झालें.

तर त्या तरुणानें यंत्राचें नांव वाचलें. बरोबर होतें. मग आम्हीं हिशेबवाल्यांचा तो उघडा राहिलेला व्यवहार बंद केला. रकाना क्षणांत जोडला गेला आणि अडकलेले सत्तर प्रश्न एका श्वासांत सुटले. रांगेंतल्या कोणाला काय झालें तें कळलेंहि नाहीं. यंत्र बंद करून चालू केलें असतें तरीहि रांग सुटली असती. पण कारण हातीं लागलें नसतें, आणि पुढल्या वेळीं पुनः हेंच झालें असतें. आतां तेथें दोन गोष्टी ठरवून दिल्या आहेत. वहीची घडण बदलणाऱ्या आज्ञेला दोन सेकंदांत ताबा मिळाला नाहीं तर तिनें स्वतः माघार घ्यावी, आणि मोठे अहवाल नकलेच्या यंत्रावरूनच काढावे. उघड्या राहणाऱ्या व्यवहारांनाहि मुदत घालावी असें मीं सुचविलें होतें. तें हिशेब विभागानें अद्याप मान्य केलेलें नाहीं.

मी बाहेर आलों तेव्हां बांक रिकामा होता. खिडकीवरच्या त्या मुलीनें यंत्राची वाट न पाहतां एका कोऱ्या कागदावर त्या बाईंचें नांव, वय आणि 'धाप' एवढें लिहून त्यांना केव्हांच आंत पाठविलें होतें. त्या चिठ्ठीवरची नोंद दुपारीं साडेबाराला वहींत चढली.